आपली विश्वासू, अ. ब. क.

आमच्या येळवाडीला एसटी दिवसातून दोनदा यायची, सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचनंतर. मुख्य रस्त्यावरच्या फाट्यापासून गाव तीन किलोमीटर आत होतं, आणि तो रस्ता असा की गाडी दिसायच्या आधी तिच्या खिडक्यांचा खडखडाट ऐकू यायचा. खडखडाट पुलावर आला की माय चुलीपाशी बसूनच ओरडायची, "पुलावर आली गं, दप्तर घे!" पुलापासून पारापर्यंत गाडीला पाच-सात मिनिटं लागायची. तेवढ्यात मी वेणीला रिबीन बांधायची, डबा कोंबायची आणि एक चप्पल पायात, एक हातात अशी पळायची. दहावीचं अख्खं वर्ष माझी सकाळ अशीच गेली. आता परभणीत कॉलेजच्या वसतिगृहात राहते आणि इथं दर दहा मिनिटांनी रिक्षा मिळते, तरी सकाळी कुठं खिडकी खडखडली की माझा हात आधी केसांकडे जातो.

माय त्याच्याही आधी, अंधार असतानाच उठलेली असायची. चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या कडकड मोडून घालायचा आवाज, मग भाकर थापल्याचा आवाज, मग गावातली पिठाची गिरणी सुरू झाल्याची फुकफुक. या तीन आवाजांत मी अंथरुणात पडून गणिताची सूत्रं आठवायची, आणि आठवायची नाहीत. थंडीच्या दिवसांत माय कापूस वेचायला जायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, कधी बोरीला, कधी पार पालमकडं. सकाळी तिघंही चुलीभोवती बसून गरम भाकरीवर तुरीचं वरण घेऊन खायचो. बोलणं फारसं नसायचं. अण्णा मधेच विचारायचे, "आज काय शिकवणार हायेत?" मी म्हणायची, "मला काय माहीत? शिकवल्यावर कळंल." ते मान हलवायचे, जसं काही हे उत्तर बरोबर आहे. आमच्या घरात दहावीच्या वर्गापर्यंत कुणी पोचलं नव्हतं, त्यामुळं शाळेत काय विचारायचं असतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि काय सांगायचं असतं ते मलाही.

पारासमोर मन्मथआप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून ते सकाळी सातलाच गल्ल्यावर बसायचे. त्यांची मुलगी शिवकांता माझ्याच वर्गात होती. तिला सगळे कांता म्हणत. गाडी पारापाशी वळायला लागली की ती दुकानाच्या मागच्या दारातून निघायची, ओठाला काहीतरी लागलेलं, आणि आप्पा आतून ओरडायचे, "अगं तोंड तरी पूस!" गाडीत आम्ही दोघी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो. आठवी-नववीच्या तिघी पुढं बसत. सकाळचे कंडक्टर काका म्हातारे होते आणि आम्हाला पोरींनो म्हणण्याऐवजी 'बोर्डवाले' म्हणत. "काय बोर्डवाले, अभ्यास झाला का? न्हाई झाला? मग कामून बसल्या गाडीत, उतरा!" असं रोज म्हणायचे आणि रोज पास न बघताच पुढं जायचे.

शाळा बोरीला. दहाला परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, मग कुणीतरी सुविचार वाचायचं आणि मागच्या रांगेतली मुलं त्या सुविचाराची वाट लावायची. पहिला तास गणिताचा. सर चांगले होते, पण त्यांचा खडू माझ्या डोक्यापेक्षा जोरात पळायचा. कांताची गत माझ्याहून वाईट. ती वहीच्या समासात गणिताच्या सरांच्या मिशा काढायची आणि मला दाखवायची, आणि मी हसले की उभी मीच राहायची. दुपारी साडेबाराला खिचडीचा वास यायचा. खिचडी आठवीपर्यंतच्यांना मिळायची. आम्ही नववी-दहावीचे मोठे झालेलो, म्हणून आम्हाला फक्त वास. लिंबाखाली बसून आम्ही डबे उघडायचो. माझ्यात भाकर, मिरचीचा ठेचा, कधी अंबाडीची भाजी. कांताच्या डब्यात बऱ्याचदा सुशीला असायची, दुकानातले मुरमुरे भिजवून कांद्यावर परतलेली, वर शेंगदाण्याचं कूट. तिला माझा ठेचा लागायचा आणि मला तिची सुशीला. खाता खाता ती डोळ्यांतून पाणी काढत म्हणायची, "तुझी माय काय खुन्नस काढायली का गं कुणावर?"

दुपारचा मराठीचा तास मात्र माझा होता. दुसऱ्या कोणत्याही तासाबद्दल मला असं म्हणता येत नाही. मॅडम पत्रलेखन शिकवायच्या. विनंतीपत्र, तक्रारपत्र, मागणीपत्र. मायना कुठं, विषय कुठं, 'महोदय' नंतर स्वल्पविराम, शेवटी 'आपला विश्वासू'. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, फळ्यावर डस्टर आपटून एक गोष्ट सांगायच्या. "उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव लिहायचं नाही. गावाचं नाव नाही, शाळेचं नाव नाही. ओळख दिली की पेपर बाजूला. पत्ता लिहायचा अ. ब. क., सही करायची अ. ब. क." आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "अ, ब, क." मी तर झोपेतही म्हटलं असतं. सहामाहीला पत्राला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि मॅडमनी माझा पेपर वर्गात फिरवला. माझा कागद दुसऱ्यांच्या हातात गेला असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. त्यावर माझं नाव नव्हतं हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

दिवाळीनंतर दहावीचे जादा तास सुरू झाले. शाळा साडेचारला सुटायची आणि त्यानंतर सव्वापाचपर्यंत गणित. हा तास खास आमच्यासारख्यांसाठी होता. सर म्हणाले, "ज्यांना सहामाहीत गणित जड गेलंय त्यांनी चुकवू नका. वर्गात मला पळावं लागतं, इथं मी चालणार." पण आमची गाडी पावणेपाचला बोरीहून निघायची. तास धरला तर गाडी जायची, गाडी धरली तर तास जायचा. पहिले तीन दिवस आम्ही तास धरला. साडेपाचला दुसरी एक एसटी बोरीहून सुटायची. ती आमच्या फाट्यावरून सरळ पुढच्या मोठ्या गावाला जायची, आत वळायची नाही. ती आम्हाला फाट्यावर सोडायची आणि तिथून तीन किलोमीटर चालत. नोव्हेंबरात सहाला दिवस मावळतो. दोन्ही बाजूंना तूर माणसाच्या डोक्याइतकी, आणि तुरीत रानडुकरं. पहिल्या दिवशी आम्ही गाणी म्हणत गेलो. दुसऱ्या दिवशी पाढे म्हणत. तिसऱ्या दिवशी तुरीत काहीतरी मोठं खसखसलं आणि आम्ही पाढेही म्हटले नाहीत, नुसत्या पळालो. पुलावर मन्मथआप्पांच्या मोटारसायकलचा दिवा दिसला. त्यांनी आम्हा दोघींना मागं बसवलं आणि गावात आणलं. पारावर उतरल्यावर म्हणाले, "झालं हे. उद्यापासून पावणेपाचच्या गाडीत दिसल्या पायजेत."

"आन गणित, आप्पा?" कांतानं विचारलं.

"दुकानात मोजायला जेवढं लागतं तेवढं येतंय तुला. नापास झाली तर इथं गल्ल्यावर बस, पुढच्या साली बघू."

आमच्या घरीही तेच झालं, फक्त आवाज न चढवता. माय म्हणाली, "अंधारात नगं बाई येऊ. गणित न्हाई आलं तर न्हाई." ती हे इतकं सहज म्हणाली की मला भीती वाटली. गणित नाही आलं तर काय, हे तिला दिसत होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. त्यात मीही होते, तिच्या शेजारच्या ओळीत, कमरेला ओटी बांधून कापूस वेचत. मला त्या कामाची लाज नव्हती, आजही नाही. पण मला अकरावीला जायचं होतं, आणि ते कुणाला सांगावं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धीर करून कंडक्टर काकांना विचारलं, साडेपाचची गाडी आत वळली तर? त्यांनी शिट्टी ओठातून काढली. "मला इचारून काय उपयोग? मी काय गाडी घरी नेतो का? वरून हुकूम पायजे. आगारात दरखास द्या. लेखी." संध्याकाळी अण्णांना सांगितलं तर तेही तेच म्हणाले, "मग दे की दरखास. तुला लिवता येतंय ना?" दरखास म्हणजे अर्ज हे मला माहीत होतं, पण आमच्या पुस्तकात त्याला विनंतीपत्र म्हणत. आणि विनंतीपत्र म्हटल्यावर माझी छाती फुगली. जगात मला जर कुठली एक गोष्ट नीट येत असेल तर ती हीच होती.

दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली बसून आम्ही ते लिहिलं. फुलस्केप कागदाला पट्टीनं समास आखला. मी लिहायची आणि कांता शेजारी बसून मोठमोठे शब्द पुरवायची. "'कौतुकास्पद' घाल. 'तत्पर सेवा' घाल. अगं 'ससेहोलपट' घाल ना, मॅडमला लय आवडतं ते." आम्ही ससेहोलपट घातलं. विषय लिहिला, 'सायंकाळची बस गावात वळविणेबाबत'. गाडी किती वाजता सुटते, फाट्यावर किती वाजता येते, आत यायला किती मिनिटं लागतील, सगळं लिहिलं. रानडुकरांसाठी 'वन्य श्वापदे' लिहिलं. वर उजव्या कोपऱ्यात पत्ता लिहिला आणि खाली सही केली. मग डिंकानं पाकीट चिकटवलं, वर झोकात 'माननीय आगार व्यवस्थापक' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते खाकी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. "बोर्डवाल्यांची दरखास! आता मला हापिसात चहा मिळंल."

पंधरा दिवस गेले. रोज आम्ही पावणेपाचच्या गाडीत चढायचो आणि खिडकीतून शाळेकडं बघायचो. वर्गातल्या ट्यूबलाइट लागलेल्या असायच्या. उरलेली मुलं आत असायची आणि सर चालत असतील, पळत नसतील, हे मला न बघताही दिसायचं. सकाळी काकांना विचारलं की ते म्हणायचे, "हापिसाचं काम हाय, दमानं होतं." कांतानं समासात मिशा काढणं सोडून दिलं होतं, त्यामुळं मला जास्त वाईट वाटायचं.

मग एका सकाळी काका आमच्या बाकापाशी येऊन थांबले आणि हसायलाच लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. "अगं पोरींनो, काय केलंत हे? हापिसात सगळे हासायलेत. म्हणतेत, अर्ज लय भारी हाय, वन्य श्वापदं काय, ससेहोलपट काय. पण गाडी कोणत्या गावात वळवायची ते कुठंच न्हाई! आन सही केलीय अ. ब. क.! साहेब म्हणले, हे अ. ब. क. कोण, अन् राहतेत कुठं? मी गाव सांगितलं, तर म्हणले, तोंडी चालत न्हाई, कागदावर पायजे."

पुढच्या बाकावरच्या तिघी वळून बघायला लागल्या. कांताचं हसू फुटलं आणि ती पोट धरून हसली. मला हसता आलं नाही. मी खिडकीकडं तोंड केलं. खरं सांगायचं तर त्या पंधरा दिवसांत मी मनातल्या मनात आगारातल्या साहेबांना ते पत्र वाचताना बघितलं होतं. ते वाचून म्हणत होते, कोण ही हुशार मुलगी? आणि ते खरंच विचारत होते की कोण, फक्त मला वाटलं तसं नाही.

संध्याकाळी अण्णा हातपाय धूत होते तेव्हा मी सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"दस्तखत न्हाई केली?"

"परीक्षेत नाव लिहायचं नसतं अण्णा. लिहिलं तर पेपर बाजूला ठेवतेत."

"ही परीक्षा हाय का?"

अण्णा पंच्यानं हात पुसत दाराच्या चौकटीत बसले. म्हणाले, "रोजगार हमीवर मी अंगठा देतो ना, तर त्या अंगठ्याच्या बाजूला बाबू नाव लिवतो. नाव नसलं तर तो अंगठा कुणाचा? नाव असलं म्हंजी उद्या काम झालं न्हाई तर मला जाऊन इचारता येतं, माझं काय झालं म्हणून. बिननावाची दरखास म्हंजी वाऱ्यावर ओरडल्यावानी."

माय आतून म्हणाली, "आन नाव देल्यावर लोक बी इचारायला येतेत, ही कोण म्हणून. ते बी सांग तिला."

"येऊ दे की," अण्णा म्हणाले. पण थोडं थांबून म्हणाले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की अ. ब. क. लिहिताना मी फक्त चुकले नव्हते. त्यात मला थोडं बरंही वाटलं असावं. नावाशिवाय मागणं सोपं असतं. वर्गात मी उभी राहून उत्तर द्यायला घाबरायची, पण कागदावर कौतुकास्पद लिहायला घाबरायची नाही, कारण कागदावर मी नव्हतेच. हे मी आत्ता लिहिताना जोडतेय, तेव्हा इतकं नीट कळलं नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की आता मला तिथं जावं लागणार.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असायची. एकला सुटल्यावर अण्णा बोरीच्या स्टँडवर उभेच होते, धुतलेला शर्ट घालून. आम्ही तालुक्याला गेलो. आगाराच्या स्टँडवर एक खिडकी होती आणि खिडकीत चष्मा लावलेले कंट्रोलर साहेब. पुढं लोकांची गर्दी. अण्णांनी मला पुढं ढकललं नाही, स्वतःही पुढं गेले नाहीत. नुसते माझ्या मागं उभे राहिले. माझा नंबर आला तेव्हा माझा आवाज निघाला तो माझाच मला ऐकू आला नाही.

"काय म्हणती? मोठ्यानं बोल बाई."

"मी... ते अ. ब. क."

साहेबांनी चष्मा वर केला आणि मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अरे, तुम्हीच का ते! थांबा थांबा." त्यांनी टेबलाच्या खणातून आमचा कागद काढला. कागद घडीवर मळला होता, म्हणजे बऱ्याच जणांनी तो उघडला असणार. "अक्षर बघा किती सुरेख. माझ्या पोराला दाखवलं घरी नेऊन. पण पोरी, जिल्ह्यात गावं काय कमी हायेत का? मी कोणत्या गावाला धाडू गाडी?"

"येळवाडी."

"मग लिव इथं."

खिडकीला सुतळीनं पेन बांधलेलं होतं. सुतळी आखूड, त्यामुळं कागद खिडकीच्या कडेवर तिरका धरून लिहावं लागलं. अ. ब. क.च्या खाली मी लिहिलं, प्रतीक्षा रावसाहेब खिल्लारे, मुक्काम येळवाडी, इयत्ता दहावी. इतक्या वेळा वहीवर लिहिलेलं नाव, पण तिथं माझा हात प्रत्येक अक्षराला थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "आटप की बाई, गाडी सुटायली." अण्णा मागं न बघता म्हणाले, "लिहू द्या जरा. नाव लिहायलीय."

साहेबांनी वाचलं. "बरं. पण एकीसाठी गाडी वळत नसते. येणाऱ्या कितीजणी हायेत? त्यांच्याबी सह्या आण, मग मी हे वर ठेवतो." आणि कागद परत माझ्या हातात दिला.

येणाऱ्या दोघीच होत्या. दुसरी कांता. आणि कांताची सही म्हणजे मन्मथआप्पा. संध्याकाळी मी आणि अण्णा दुकानापाशी गेलो तेव्हा आप्पा गूळ तोलत होते. तेल न्यायला आलेली एक म्हातारी आणि आणखी दोघं उभे होते. मी कागद पुढं केला. आप्पांनी हात पुसून तो घेतला आणि ओठ हलवत सगळा वाचला. ससेहोलपटीपाशी थांबून माझ्याकडं बघितलं. शेवटी आले तेव्हा म्हणाले, "चांगलं हाय. पण पोरीचं नाव नगं. सरकारी कागद, कुठं कुठं फिरतो, दहा माणसं वाचतेत."

"आप्पा, माझंबी हाय त्यात," मी म्हणाले.

"तुझं येगळं."

काय वेगळं ते मी विचारलं नाही. दुकानात थोडा वेळ फक्त तराजूची साखळी हलत होती. आजही मला वाटतं की आप्पांच्या मनात काही वाईट नसेल, ते शब्द तोंडातून निघून गेले असतील. पण ते शब्द माझ्या लक्षात राहिले आहेत, म्हणून इथं लिहिते. आप्पांनाही बहुधा ते जाणवलं, कारण ते लगेच गल्ल्यातलं पेन काढून म्हणाले, "असं करू, नाव माझं लिहितो. बापाची दस्तखत म्हंजी पक्की."

मागच्या दारातून कांता कधी येऊन उभी राहिली होती आम्हाला कळलं नव्हतं. तिच्या हाताला कणीक होती.

"गाडीत तुमी बसणार का आप्पा?" ती म्हणाली. "सहा वाजता फाट्यावर, पाढे म्हणत?"

तेलवाली म्हातारी खो खो हसली. "बसतो म्हणा की आप्पा! दहावी बी काढा तिच्या संगं!" उभे असलेले दोघंही हसायला लागले. आप्पांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी पेन हातात तसंच धरलं, टोक कागदावर टेकलेलं, आणि कागदावर एक निळा ठिपका उमटला. मग त्यांनी पेन फिरवून कांताकडं केलं.

"हात पूस आधी. आन 'शि' पहिली घाल, तू नेहमी दुसरी घालतीस."

कांतानं ओढणीला हात पुसले आणि माझ्या नावाखाली लिहिलं, शिवकांता मन्मथ साखरे. वेलांटी पहिली घातली. आप्पांनी कागद उजेडाकडं धरून तपासला आणि माझ्याऐवजी अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो शर्टाच्या खिशात न ठेवता दोन्ही हातांत धरून घरी आणला.

त्यानंतर किती दिवस गेले ते मला आठवत नाही. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या एवढं आठवतं. एका सकाळी काकांनी शिट्टी वाजवून सांगितलं, "बोर्डवाले, आज तासाला बसा." आम्ही बसलो. साडेचारची घंटा झाली आणि आम्ही दप्तर उचललं नाही, हे सरांच्या लक्षात आलं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि फळ्याकडं वळले. सर खरंच चालत शिकवत होते.

साडेपाचला बोरीच्या स्टँडवर गाडी लागलेली. भरलेली, लोक उभे. संध्याकाळचे कंडक्टर आमच्या ओळखीचे नव्हते, तरुण होते. दारात उभं राहून त्यांनी हातातली चिठ्ठी वाचली आणि मोठ्यानं विचारलं, "खिल्लारे आन साखरे कोण हायेत?" सगळी गाडी आमच्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली. कांतानं शाळेतल्या हजेरीसारखा हात वर केला, "हजर!" पुन्हा हशा.

फाट्यावर गाडी सरळ न जाता कच्च्या रस्त्याला वळली तेव्हा मात्र कुरकुर सुरू झाली. पटका बांधलेले एक म्हातारे खिडकीतून बाहेर वाकून म्हणाले, "अरे, इकडं कामून वळवली? वाट चुकला का काय?"

"वाट न्हाई चुकलो बाबा. नवा हुकूम हाय. ह्या दोघींसाठी वळायची."

म्हातारे आमच्याकडं वळले. बाकीचेही. अर्धा तास उशीर कुणामुळं होणार ते आता सगळ्यांना माहीत होतं, नावानिशी. मला वाटलं, माय म्हणाली तेच झालं, लोक विचारायला आले. कांतानं माझ्या कमरेत कोपर मारलं आणि हळूच म्हणाली, "मान वर कर गं. नाव देलंय आपण."

मी मान वर केली. म्हातारे अजून बघतच होते.

"शाळेच्या हायेत व्हय?" ते म्हणाले.

"हो. दहावी. जादा तास असतो."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग शेजारच्या जागेवर ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मग उभ्या कामून? बसा की."